सांस्कृतिक भूगोलात संशोधन करायचंय? मराठवाड्यातून निघणाऱ्यांसाठी थोडी वाटाड्यागिरी

‘भूगोलात पीएचडी? म्हणजे पाऊसपाण्याचं का?’ हा प्रश्न मला आधी मामांनी विचारला, मग सासऱ्यांनी, आणि शेवटी संशोधन समितीतल्या एका सरांनी. मामांना उत्तर देणं सोपं गेलं. समितीपुढे मात्र माझी बोबडी वळली, कारण सरांचा प्रश्न जास्त टोकदार होता: ‘बाई, हे समाजशास्त्रात का नाही? भूगोलात कसं बसतं?’

त्या दिवशी संशोधनाचा आराखडा परत आला आणि सहा महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख. औसा-निलंग्याकडच्या, धारूर-केजकडच्या, जिंतूर-सेनगावकडच्या कॉलेजांतून भूगोल घेऊन निघालेल्या आणि पुढे विद्यापीठात सांस्कृतिक भूगोल शिकवायचं, त्यात संशोधन करायचं मनात असलेल्या मुलामुलींसाठी तो लिहिलाय. घरात आधी कुणी या वाटेनं गेलेलं नसेल तर सावकाश वाचा.

१. आधी विषय नीट समजून घ्या

नवीन आलेला प्रत्येक जण ‘आमच्या तालुक्यातल्या जत्रा’ हा विषय घेऊन येतो. मीही तोच घेऊन गेले होते. जत्रा कोणत्या तिथीला भरते, पालखी कुठून निघते, नैवेद्य काय असतो हे सगळं सुंदर आहे, पण तेवढ्यावर भूगोल होत नाही. ‘कुठे, आणि तिथंच का’ हा प्रश्न आला की भूगोल सुरू होतो.

तुळजापूरचंच बघा. अश्विनातल्या पौर्णिमेला सोलापूरकडून आणि कर्नाटकातून माणसं पायी येतात. कोणत्या तालुक्यांतून येतात, कोणत्या वाटेनं येतात, वाटेत मुक्कामाची गावं कोणती आणि त्या गावांना यातून काय मिळतं, राज्याची सीमा मध्ये आली तरी देवीचं क्षेत्र का तुटत नाही, हे प्रश्न नकाशावर मांडता येतात. देवी तीच, यात्राही तीच, फक्त आता तुम्ही भूगोलात उभे आहात.

परंपरा म्हणाल तर अमेरिकेतल्या बर्कलीच्या कार्ल सावर यांनी १९२५ मध्ये ‘सांस्कृतिक भूदृश्य’ ही कल्पना मांडली. माणसांचा समूह निसर्गाच्या पाटीवर आपल्या जगण्याची अक्षरं गिरवतो आणि त्यातून भूदृश्य घडतं, असा तिचा गाभा. १९८० नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर पुढचा प्रश्न विचारला: ही अक्षरं कुणी गिरवली, आणि कुणाला पाटीला हातसुद्धा लावू दिला नाही? सत्ता, जात, लिंग, ओळख हे सगळं तिथून आत आलं. मुलाखतीत या दोन टप्प्यांवर प्रश्न हमखास येतो. नुसती नावं पाठ करून जाऊ नका, दोन्ही टप्पे आपल्या गावावर लावून बघा. गावठाण कुठं, पाणवठा कुठं, कोणती वस्ती गावाच्या कोणत्या अंगाला आणि का, एवढं सांगता आलं तरी पुष्कळ.

२. एमए करतानाच दोन कामं उरका

पहिलं काम वहीचं. आपलं शिक्षण मराठीतून झालेलं असतं, प्राध्यापकीसाठीच्या नेट या देशपातळीवरच्या पात्रता परीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी-हिंदीत येते. मधोमध रेघ मारून एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी संज्ञा लिहीत जा. प्रसरण, प्रदेश, स्थानबोध, स्थाननामं, वसाहतींचे आकृतिबंध अशा दोनेकशे संज्ञा झाल्या की परीक्षेची निम्मी भीती जाते.

दुसरं काम क्यूजीआयएसचं. नकाशे करायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. सीनियरच्या प्रात्यक्षिक वहीतले नकाशे उतरवून काढणं ही आपल्याकडची जुनी विद्या आहे, मीही केली. पण पुढं नकाशा दुसऱ्याकडून करून घ्यायची वेळ आली की पैसेही जातात आणि लाजही जाते.

३. नेट आणि सेट

यात फार गूढ काही नाही. यूजीसी-नेटमध्ये (यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग) भूगोलाचा विषय क्रमांक ८०. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १००, प्रत्येक प्रश्नाला २ गुण, एकूण ३ तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अभ्यासक्रमात १० घटक आहेत आणि सातवा आपला: सांस्कृतिक, सामाजिक व राजकीय भूगोल. पण फक्त सातव्यावर भिस्त ठेवू नका. मी पहिल्यांदा नापास झाले ती भूरूपशास्त्र आणि हवामानशास्त्रात. संस्कृतीवाल्यांना दगडधोंड्यांचा कंटाळा असतो, आणि पेपर काढणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

सेट ही तशीच राज्यपातळीवरची परीक्षा महाराष्ट्र आणि गोव्यासाठी असते आणि ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. सहायक प्राध्यापक व्हायला दोन्हीपैकी एक पुरते. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, हवी असेल तर मात्र नेटच द्यावी लागते, आणि तिला वयाची अट आहे: खुल्या गटाला ३० वर्षं, मुली व राखीव गटांना ५ वर्षांची सूट. एमएला ५५ टक्के, राखीव गटांना ५० टक्के लागतात. २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. तिसऱ्या गटात फक्त पीएचडी प्रवेशाची पात्रता मिळते, नोकरीची नाही, आणि ती एकच वर्ष टिकते. ‘नेट निघाली’ म्हणून पेढे वाटण्याआधी गट बघा.

४. प्रश्न निवडा, विषय आपोआप येईल

इथं घाई केली की पुढची पाच वर्षं भोगावं लागतं.

आराखडा परत आल्यावर मी गावी गेले. आमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, अशी घरं झोपलेल्यांच्या अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. नंतर ५२ गावं नव्या जागी पूर्णपणे वसवली. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं, इतकं माहीत होतं की त्यात संशोधनाचा विषय आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

मग एका पुनर्वसित गावात एका आजींना शाळा कुठं म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, ‘येशीच्या भाईर.’ मी इकडंतिकडं बघितलं. नव्या गावाला वेसच नाही. सरळ रुंद रस्ते, आखीव भूखंड, गाव कुठून सुरू होतं ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. आजी मात्र अजून जुन्या वेशीतूनच ये-जा करत होत्या.

प्रश्न तिथं मिळाला. जुन्या गावात घर कुठं असणार हे भावकी, जात आणि गल्ली ठरवायची. नव्या गावात घराचं क्षेत्रफळ जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि अगदी अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, मोठ्या जमीनदाराला ७५०. मग जुन्या गल्लीचं काय झालं? ती विस्कटली, की तीस वर्षांत माणसांनी ती पुन्हा जुळवून आणली? बायकांचा पाणवठा गेला आणि नळ दारात आला, तर त्यांच्या भेटीच्या जागा कुठं सरकल्या? हे प्रश्न घेऊन गेल्यावर समितीतल्या त्याच सरांनी ‘भूगोलात कसं बसतं’ असं विचारलं नाही.

तुम्हाला भूकंपावरच काम करा असं म्हणत नाही. मराठवाड्यात प्रश्नांना तोटा नाही. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे पंजाबशी जुळलेलं नातं सचखंड एक्स्प्रेसनं रोजच्या व्यवहारात आणलं, त्याचं शहरावर काय उमटलं? बंजारा तांडे गावापासून लांब, माळरानाच्या कडेलाच का? नाथसागराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची दैवतं कुठं गेली, जत्रा कोणत्या नव्या जागी भरते? खुलताबादच्या दर्ग्यांना आणि वेरूळच्या घृष्णेश्वराला एकाच रस्त्यानं जाणाऱ्या माणसांचे थांबे कुठं एक होतात आणि कुठं वेगळे? छत्रपती संभाजीनगरातल्या मलिक अंबरच्या नहरींचं पाणी आटल्यावर त्यांच्या काठच्या मोहल्ल्यांचं काय झालं?

निवडलेला प्रश्न दोन कसोट्यांवर घासून बघा. एक, त्याचं उत्तर नकाशावर दाखवता येईल का? दुसरी, त्यासाठी लागणारी माणसं अजून हयात आहेत का? मला माहिती देणारे तिघे मुलाखतीची तारीख ठरलेली असताना गेले.

सापळा: ‘मराठवाड्यातील धार्मिक स्थळांचा भौगोलिक अभ्यास’ असलं आठही जिल्हे पोटात घेणारं शीर्षक. एक खोरं, एक यात्रामार्ग किंवा पाच-सहा गावं पुरतात.

५. मार्गदर्शक शोधताना

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली. दोन्हींच्या संकेतस्थळांवर मार्गदर्शकांच्या याद्या असतात. त्या बघाच, पण ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार उघडून त्यांच्या विद्यार्थ्यांनी काय काम केलंय तेही वाचा. सांस्कृतिक भूगोलाचे मार्गदर्शक कमी आहेत. शेतीच्या किंवा लोकसंख्येच्या भूगोलातले चांगले सर-मॅडम तयार असतील तर नाही म्हणू नका. माझ्या सरांचं सगळं काम आठवडी बाजारांवर होतं, त्यांनी मला अंतर मोजायला शिकवलं.

दोन गोष्टी विचारायला लाजू नका. जागा किती रिकाम्या आहेत? प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. आणि निवृत्ती कधी? सेवेची ३ वर्षंही उरलेली नसतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. हा प्रश्न सरांना तोंडावर विचारणं अवघड जातं, तेव्हा विभागातल्या शिपायाला विचारा, त्याला तारखेसकट माहीत असतं.

६. प्रवेश आणि कागदं

प्रवेश विद्यापीठाच्या पेटमधून (पीएचडीच्या प्रवेश परीक्षेतून) आहे की नेटच्या गुणांवर, हे त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा, मागच्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएचडीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं मिळतात, वर २ वर्षं वाढवून मिळू शकतात, महिलांना आणखी २. बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. ही रजा मागितल्यावर मला ‘अशी रजा नसते’ असं एका टेबलावर सांगितलं गेलं. नियमावलीचं पान छापून बरोबर न्या, आवाज चढवावा लागत नाही.

फाईलमध्ये हे लागतं:

- दहावीपासून एमएपर्यंतच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रं
- टीसी, आणि विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन
- जातीचा दाखला, जात वैधता, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर
- नेट, सेट किंवा पेटचा निकाल
- नोकरीत असाल तर संस्थेचं ना हरकत पत्र
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रत

नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते हे डोक्यात ठेवा. मुलींनी एक आणखी करा: सगळ्या शैक्षणिक कागदांवर एकच नाव राहू द्या, आहे तेच. माझ्या एमएच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आणि नेटवर सासरचं नाव होतं. त्या एका आडनावापायी मी जितक्या वेळा विद्यापीठाची पायरी चढले तितक्या वेळा माहेरीही गेले नसेन.

७. जुनी दप्तरं आणि नकाशे

मराठवाड्यात काम करणाऱ्याला पुण्या-साताऱ्याकडच्या पुस्तकातली पद्धत जशीच्या तशी चालत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि आपलं जुनं महसुली दप्तर त्या घडणीचं आहे.

कार्यालयात जाऊन ‘जुना नकाशा पाहिजे’ म्हणू नका. मी म्हणाले, आणि तीन महिने ‘असं काही नसतं’ हेच ऐकलं. मग एका म्हाताऱ्या अर्जनविसानं कागदाची खरी नावं सांगितली आणि आठवड्यात काम झालं. भूमी अभिलेख कार्यालयात ‘गाव नकाशाची नक्कल’ आणि ‘गावठाण नकाशा’ मागायचा. तहसीलमध्ये ‘खासरा पाहणी पत्रक १९५४-५५’ आणि त्याआधीचं ‘सेतवार’. कागदाचं नाव बरोबर असलं की कारकुनाचा सूरच बदलतो. तरीही टोलवलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका.

जुने कागद उर्दूत असतात, काही मोडीत. मोडीचे वर्ग राज्याचं पुराभिलेख संचालनालय वेळोवेळी घेतं, ते करा. उर्दूसाठी गावातल्या एखाद्या निवृत्त मास्तरांना गाठा. मला भेटलेल्या चाचांनी एक पैसा घेतला नाही, फक्त प्रत्येक पान वाचून झाल्यावर त्या लेखनिकाच्या अक्षराला नावं ठेवली.

या कागदांवरची सालं ‘फसली’ असतात, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतली. फसली सालात ५९० मिळवा: फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. हे माहीत नसल्यामुळे एका मित्राच्या प्रबंधात शिवकाळाच्याही आधीचा ‘महसुली पुरावा’ जाता जाता राहिला. त्याहून जुनं आणि वरच्या पातळीवरचं दप्तर हवं असेल तर हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात जावं लागतं. जाण्याआधी विभागप्रमुखांचं पत्र घ्या.

जिल्ह्यांच्या फाळण्या लक्षात ठेवा. जालना १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. म्हणजे लातूरची माहिती जुन्या गॅझेटिअरमध्ये उस्मानाबादखाली आणि हिंगोलीची परभणीखाली शोधायची. परतूर तर आधी परभणी जिल्ह्यात होतं. १९७१ आणि १९९१ च्या जनगणनेचे जिल्हानिहाय आकडे शेजारी शेजारी ठेवून ‘लोकसंख्या घटली’ असा निष्कर्ष काढणारे महाभाग मी बघितलेत. गावपातळीवर उतरा आणि जनगणनेचा गाव-संकेतांक धरून जुळवा, कारण पिंपळगाव आणि वडगाव प्रत्येक तालुक्यात चार-चार आहेत. यादीत ‘बेचिराग’ लिहिलेलं गाव दिसलं की थांबा. तिथं वस्ती उरलेली नसते, पण शिवार असतं, देव असतो, आणि बहुतेकदा वर्षातून एकदा माणसंही येतात. त्यावर आख्खा प्रबंध होईल.

नकाशांसाठी सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या शीट वापरा. लातूर-औसा-किल्लारीचा भाग ५६ बी मध्ये येतो, नांदेड ५६ ई मध्ये, छत्रपती संभाजीनगर ४७ एम मध्ये. शीटवर सर्वेक्षणाचं वर्ष छापलेलं असतं. ते १९९३ च्या आधीचं असेल तर किल्लारी जुन्या जागीच दिसणार.

क्यूजीआयएसमध्ये यूटीएम विभाग (नकाशासाठी पृथ्वीचे पाडलेले उभे पट्टे) निवडताना आपण डोळे झाकून ४३ उत्तर घेतो, आणि जवळपास सगळ्या मराठवाड्याला तो चालतो. पण ७८ अंश रेखावृत्ताच्या पूर्वेला ४४ सुरू होतो, आणि आपलं किनवट त्या पलीकडं आहे. माहूरचे बिंदू एका विभागात आणि किनवटचे दुसऱ्यात घेतलेत तर ते नकाशावर भलतीकडंच जाऊन बसतात. अभ्यासक्षेत्र असं सीमेवर असेल तर सगळं एकाच विभागात ठेवा.

८. गावात उतरताना

सामान थोडं लागतं: जाड पुठ्ठ्याची वही, दोन पेन, जीपीएसचं अॅप असलेला फोन, पॉवर बँक, गाव नकाशाच्या चार झेरॉक्स, विभागाचं पत्र, टोपी, पाणी. सरपंच आणि पोलीस पाटलांना आधी भेटा.

वेळ बरोबर निवडा. बीड-धारूर-पाटोद्याकडच्या गावांत दसरा-दिवाळीनंतर जाल तर निम्म्या घरांना कुलूप असतं. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी साखर कारखान्यावर ऊसतोडीच्या कोयत्याला गेलेली असतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. गावात उरतात म्हातारी माणसं आणि पोरं. त्या काळातलं तुमचं ‘सर्वेक्षण’ म्हणजे अर्ध्या गावाचं सर्वेक्षण. मे महिन्यात माणसं असतात, पण दुपारी बारा ते चार तुम्हीच फिरू शकत नाही. मला पाडव्यानंतरचे दोन-तीन आठवडे सगळ्यात चांगले गेले.

पहिला प्रश्न तुम्ही विचारत नाही, गाव विचारतं: ‘कोणत्या गावच्या? कुणाच्या?’ आडनावावरून तुम्हाला कुठं बसवायचं ते ठरतं, आणि त्यावरून कोण तुमच्याशी मोकळं बोलणार तेही. हे टाळता येत नाही, पण वहीत लिहिता येतं. पहिल्या दिवशी कुणाच्या ओसरीवर चहा घेतला तेही लिहा. पारावरच्या पुरुषांशी बोलून उठलात तर पारापुरतंच गाव कळेल. बायका सकाळी अकराच्या आधी आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या जरा आधी सापडतात. मीही शेंगा निवडत बसायची, हात चालू असले की तोंडं मोकळी होतात.

माझी सगळ्यात उपयोगी पडलेली पद्धत सांगते. त्याच आजी सुपात ज्वारी निवडत होत्या. मी म्हणाले, ‘जुनं गाव दाखवा की काढून.’ कागद पुढं केला तर त्या हसल्या. मग त्यांनी अंगणातच मूठमूठ ज्वारी ठेवायला सुरुवात केली. एक ढीग मारुती, एक आड, एक पाटलाचा वाडा, दाण्यांची ओळ म्हणजे ओढा. वीस मिनिटांत गाव उभं राहिलं. मी वरून फोटो काढला आणि घरी येऊन गावठाण नकाशाशी ताडून पाहिला. अंतरं चुकलेली होती, पण त्यांच्या गल्लीत कुणाच्या शेजारी कोण हा क्रम तंतोतंत होता. आणि ओढ्यापलीकडचा बौद्धवाडा तिथं नव्हताच. आजींनी तो लपवला नव्हता, त्यांच्या गावात तो कधी आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या वस्तीतल्या एका बाईंना तेच काढायला सांगितलं. त्यांचं गाव ओढ्यापासून सुरू झालं. मारुती सगळ्यात शेवटी आला, तोही ‘तिकडं कुठंतरी’ म्हणून. एकाच गावाचे हे दोन नकाशे माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण झाले. कागद-पेन्सिल दिली असती तर दोघींनीही ‘आम्हाला नाही येत’ म्हणून हात जोडले असते. जे हातात असेल त्यानं काढू द्या.

संमती घ्या, आणि तीही कळेल अशा भाषेत. आवाज टिपायचा असेल तर आधी विचारा. माणसांची नावं बदला. गाव लहान असेल तर गावाचंही बदला, मी इथं बदललं सोडाच, लिहिलंच नाही, ते त्यामुळेच.

९. लिहिणं आणि टाईप करणं

प्रबंध मराठीत लिहिणार असाल तर पहिल्या ओळीपासून युनिकोडमध्ये टाईप करा. डीटीपीवाल्याकडं जुन्या फाँटमध्ये टाईप करून घेतलेली साडेतीनशे पानं माझ्या एका मैत्रिणीला सादरीकरणाच्या तोंडावर नव्यानं टाईप करावी लागली. साहित्यचौर्य तपासणीच्या यंत्राला त्यातलं एक अक्षर वाचता येईना. त्या तपासणीत साम्य १० टक्क्यांच्या आत ठेवा. त्यापुढं ४० टक्क्यांपर्यंत गेलं तर सुधारून पुन्हा द्यावं लागतं, ६० च्या वर नोंदणीच जाते.

शोधनिबंधासाठी पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्या मासिकांचे मेसेज तुम्हाला येतीलच. आयएसएसएन क्रमांक म्हणजे दर्जा नव्हे. २०२२ च्या नियमावलीनं पीएचडीसाठी निबंध छापण्याची सक्ती काढलीय आणि मान्य नियतकालिकांची केअर यादीही २०२५ मध्ये यूजीसीनं बंद केली, तेव्हा घाबरून दोन हजार घालवू नका. पण विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तो बघून घ्या.

१०. पैसे

जेआरएफ असेल तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, पुढच्या टप्प्याला, एसआरएफला, ४२,०००. नसेल तर अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय. जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो आणि मुदत थोडी असते, म्हणून नोंदणीचं पत्र हातात पडल्या दिवशीच स्कॅन करून ठेवा. एका वेळी दोन शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत. आणि हप्ता वर्षभर अडकू शकतो, त्यावर घरभाडं बेतू नका.

११. नोकरी

विद्यापीठात किंवा अनुदानित कॉलेजात सहायक प्राध्यापक म्हणजे वेतनाची लेव्हल १०, मूळ वेतन ५७,७००. १ जुलै २०२३ पासून या पदाला नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे, पीएचडी सक्तीची नाही. सुरुवात मात्र बहुतेकांची तासिका तत्त्वावरच होते. मी चार वर्षं केली, दोन कॉलेजांत, एसटीच्या पासवर. त्या काळात अनुभवाचा दाखला दरवर्षी, त्याच वर्षी मागून घ्या. नंतर प्राचार्य बदलतात. काही मुलाखतींत ज्ञानापलीकडचं काही विचारलं जातं, त्यावर मी इथं लिहीत नाही, कॉलेजबाहेरच्या चहाच्या टपरीवर सगळं कळतं.

प्राध्यापकीवरच अडून राहू नका. जीआयएस येत असेल तर नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्राच्या प्रकल्पांवर, वारसा सर्वेक्षणांत, पाणी आणि पुनर्वसनावर काम करणाऱ्या संस्थांत जागा निघतात. गावात बसून बोलता येणारी आणि नकाशाही काढता येणारी माणसं त्यांना सहज मिळत नाहीत.

मुलाखतीला जाताना फाईलबरोबर तुमचा एक नकाशा मोठ्या कागदावर छापून न्या. मला नोकरी लागली त्या दिवशीही तोच प्रश्न आला होता: ‘हे समाजशास्त्रात का नाही?’ मी काही बोलले नाही, टेबलावरचे चहाचे कप सरकवले आणि ज्वारीच्या दाण्यांचे ते दोन नकाशे पसरले. पॅनेलमधले एक सर चष्मा पुसून त्यात स्वतःचं गाव शोधायला लागले. ते परभणीचे होते, त्यांचं गाव त्यात असणंच शक्य नव्हतं. तरी ते पाच मिनिटं शोधत होते.